१२०७ सालचा नकाशा कोणी काढला?

आज एका जुन्या पुस्तकाशी थोडं भांडायचं आहे. पुस्तक आहे विल्यम मिलर यांचं 'द लॅटिन्स इन द लेव्हांट', प्रकाशन १९०८. चौथ्या क्रुसेडनंतर, म्हणजे १२०४ नंतर, पश्चिम युरोपातल्या सरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी ग्रीसमध्ये आणि एजियन समुद्रातल्या बेटांवर जी राज्यं उभी केली, त्यांचा हा इतिहास. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी हे पुस्तक मेलेलं नाही. तुम्ही नाक्सोस किंवा सांतोरीनीबद्दल कुठलीही पर्यटन-पुस्तिका उघडा, त्यातला 'मध्ययुग' नावाचा परिच्छेद बहुतेक वेळा फिरून फिरून मिलरपाशीच येतो.

माझ्या पीएचडीच्या कामात हे पुस्तक सतत लागतं. त्यामुळे आधीच सांगते: मिलर वाचनीय आहे, मेहनती आहे. पण त्याने आपल्या डोक्यात एक नकाशा बसवून ठेवला आहे, आणि तो नकाशा जरा नखाने खरवडला की खालून वेगळंच काही निघतं. ते काय निघतं, आणि त्याने आपल्याला काय फरक पडतो, हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

गोष्ट जशी सांगितली जाते तशी

पार्श्वभूमी थोडक्यात. १२०४ च्या एप्रिलमध्ये क्रुसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं. निघाले होते जेरुसलेमच्या नावाने, आणि फोडलं ते ख्रिस्ती जगातलंच सगळ्यांत मोठं शहर. आरमार व्हेनिसचं होतं, आणि व्हेनिसचा वृद्ध, दृष्टी गेलेला डोजे एनरिको दांदोलो स्वतः मोहिमेवर होता. मग साम्राज्याची वाटणी झाली. व्हेनिसच्या वाट्याला आठातले तीन भाग आले, आणि डोजेच्या बिरुदात 'रोमन साम्राज्याच्या पाव आणि अर्ध्या पाव हिश्श्याचा धनी' अशी भर पडली. इतक्या हिशेबी भाषेतली राजपदवी क्वचितच सापडेल.

पण कागदावरचा हिस्सा आणि हातातला मुलूख यांत अंतर असतं. व्हेनिस हे एक शहर. एवढी बेटं जिंकून, तिथे शिबंदी ठेवून, ती राखायला माणसं आणायची कुठून? मिलरच्या पुस्तकातलं उत्तर असं: काही बेटं व्हेनिसने आपल्या नागरिकांवर सोपवली. ज्याच्यात हिंमत असेल त्याने जावं, जिंकावं, भोगावं. मग डोजे दांदोलोचा भाचा मार्को सानुदो पुढे येतो. शस्त्रशाळेतून आठ गॅली उसन्या घेतो, हौशी साहसवीर जमवतो आणि १२०७ मध्ये निघतो. सतरा बेटं सहज पडतात. फक्त नाक्सोसवर अपालिरोसच्या किल्ल्यात जिनोवाचे चाचे घट्ट बसलेले असतात. सानुदो आपलीच जहाजं जाळून टाकतो, म्हणजे परतीची वाटच नको. पाच आठवड्यांनी किल्ला पडतो.

आणि मग वाटणी. अँड्रोस मारिनो दांदोलोला. तिनोस, मिकोनोस आणि उत्तरेकडची काही बेटं गिझी भावांना. सांतोरीनी बारोत्सीला, अनाफी फोस्कोलोला, अस्तिपालेआ क्वेरीनीला, लिम्नोस नाव्हिगाजोसोला, किथिरा वेनिएरला. वेनिएर घराणं स्वतःला व्हीनस देवीचे वंशज म्हणवत असे आणि किथिरा हे त्या देवीचंच बेट, तेव्हा हक्क आपोआपच सिद्ध!

किती सुरेख गोष्ट आहे बघा. एक साल, एक नायक, एक मोहीम, प्रत्येक साथीदाराला एकेक बेट. शाळेच्या नकाशात रंग भरायला याहून सोयीचं काय असणार?

आता यादी तपासू

पहिला प्रश्न नेहमीचाच. हे आधी कोणी लिहिलं, आणि कधी?

१२०४ च्या घटना जवळून पाहिलेले लेखक आपल्याकडे आहेत. बायझंटाईन दरबारातला निकितास खोनियातिस आहे, फ्रेंच सरदार विलहार्दुएं आहे. पण नाक्सोसच्या या मोहिमेचं वर्णन दोघेही करत नाहीत. बेटं घेणाऱ्यांची नावं ओळीने देणारा महत्त्वाचा मजकूर येतो तो आंद्रेआ दांदोलोच्या बखरीत. हा आंद्रेआ १३४३ ते १३५४ या काळात व्हेनिसचा डोजे होता. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, तेही राज्याच्या प्रमुखाने लिहिलेली बखर. त्याच्या थोडं आधी मारिनो सानुदो तोर्सेल्लो नावाच्या, सानुदोंच्याच एका शाखेतल्या लेखकाने रोमानियाचा, म्हणजे या ग्रीक मुलखाचा इतिहास लिहिला. तोही चौदाव्या शतकातलाच.

गंमत अशी की आंद्रेआ दांदोलोची यादी आखूड आहे. सानुदो, अँड्रोसचा दांदोलो, गिझी बंधू, लिम्नोसचा नाव्हिगाजोसो. एवढंच. मग बाकीची मंडळी कुठून आली?

एकेक घेऊ.

अस्तिपालेआचे क्वेरीनी. हे घराणं त्या बेटाच्या इटालियन नावावरून स्वतःला 'क्वेरीनी स्ताम्पालिया' म्हणवू लागलं. व्हेनिसमध्ये आजही त्या नावाची संस्था आहे, तिचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. पण कागदपत्रं पाहिली तर क्वेरीनींचा त्या बेटावर अंमल सुरू होतो १४१३ मध्ये. जोव्हानी क्वेरीनी तिनोस आणि मिकोनोसचा कारभारी होता, आणि ओस पडलेल्या अस्तिपालेआवर वस्ती करण्यासाठी त्याने त्या दोन बेटांवरचीच माणसं नेली. १२०७ आणि १४१३. दोनशे सहा वर्षांचा फरक! हा तपशिलातला किरकोळ घोळ म्हणून सोडून देता येत नाही.

किथिराचे वेनिएर. इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एव्हदेमोनोयानिस हे ग्रीक घराणं राज्य करत होतं. वेनिएर तिथे शिरले ते १२३० च्या दशकाच्या शेवटी, त्या घरातल्या मुलीशी लग्न करून. म्हणजे ज्याला आपण 'विजय' म्हणतोय तो मुळात एक सोयरीक होती. व्हीनसचे वंशज खरे, पण बेट आलं ते सासऱ्याकडून.

सांतोरीनीचे बारोत्सी. इथेही तीच अडचण. त्यांना त्या बेटाचे धनी म्हणून दाखवणारा भरवशाचा पुरावा १२०७ च्या आसपासचा नाही, तो फार उशिराचा आहे.

म्हणजे नकाशावरचे निम्मे रंग पुसले गेले. उरलेल्यांचंही साल तितकंसं पक्कं नाही. सानुदोने नाक्सोस नेमकं कधी घेतलं, आणि सगळी बेटं एकाच झपाट्यात घेतली की हळूहळू, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. आणि अपालिरोस? तिथे अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी डोंगरावरच्या अवशेषांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांना दिसलं ते घरं, चर्चं, पाण्याची टाकी असलेलं, कित्येक शतकं नांदतं असलेलं बायझंटाईन गाव. चाच्यांचा अड्डा ही त्या जागेची ओळख असूच शकत नाही. शेवटच्या दिवसांत तिथे कोणी चाचे शिरले असतील तर असतील. पण गोष्टीत तेवढेच उरले आणि गाव गायब झालं.

हॉप्फ नावाचा माणूस

मिलरने हे सगळं स्वतः रचलं का? नाही. मिलर पेशाने पत्रकार होता. इंग्लिश वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून आधी रोममध्ये, नंतर अथेन्समध्ये राहिला. बेटांवर हिंडला, किल्ले पाहिले, आणि मांडणीसाठी टेकला तो कार्ल हॉप्फवर.

कार्ल हॉप्फ हे प्रकरण आमच्या विषयात शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटतं. जन्म १८३२, मृत्यू १८७३. म्हणजे एक्केचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यात त्याने व्हिएन्ना, व्हेनिस, नेपल्स आणि बेटांवरची दप्तरं अक्षरशः उपसली. मध्ययुगीन ग्रीसवरचा त्याचा प्रचंड ग्रंथ एका जर्मन विश्वकोशाच्या खंडांत १८६७-६८ मध्ये छापला गेला. बारीक टाइप, श्वास न घेता चालणारी वाक्यं. त्याशिवाय वंशावळी. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या बेटाचा धनी, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत.

हॉप्फने अफाट साहित्य उजेडात आणलं, हे कोणी नाकारत नाही. मारिनो सानुदो तोर्सेल्लोचा इतिहास पहिल्यांदा छापला तोही त्यानेच. अडचण त्याच्या सवयीत आहे. दोन कागदांच्या मध्ये पोकळी दिसली की तो ती अंदाजाने भरायचा, आणि अंदाज व खात्री यांच्यातला फरक वाचकाला कळू द्यायचा नाही. '१२०७ ते अमुक' असं तक्त्यात छापलं की ते सत्यच वाटतं. तक्त्यात 'बहुधा' हा शब्द मावत नाही ना!

विसाव्या शतकात रेमों-जोसेफ लोएनेर्त्स या डॉमिनिकन पाद्री-संशोधकाने हे धागे चिकाटीने उसवायला सुरुवात केली. गिझी घराण्यावरचा त्याचा ग्रंथ १९७५ चा. पद्धत साधी आणि निर्दय: प्रत्येक विधानामागचा कागद दाखवा, नाहीतर विधान मागे घ्या. त्यानंतर सिल्वानो बोर्सारी, गियोम सेंत-गियें अशा अभ्यासकांनी बाकीची घराणीही याच कसोटीवर घासली.

आता इथे एक दुखरी बाब आहे. हॉप्फने वापरलेली सगळी कागदपत्रं आज तपासता येत नाहीत. नेपल्सच्या अँजू राजघराण्याची दप्तरं दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जर्मन सैनिकांनी लावलेल्या आगीत जळाली. ग्रीसच्या या काळासाठी ती फार मोलाची होती. त्यामुळे 'हॉप्फने नेपल्समध्ये पाहिलं' असं जिथे म्हटलंय तिथे आपल्याला कायमचं अडखळायला होतं. विश्वास ठेवावा तर त्याची सवय माहीत आहे, न ठेवावा तर खरा कागद हातचा गेला.

'व्हेनिसची बेटं' म्हणजे कोणाची?

मिलरबद्दल माझी दुसरी तक्रार शब्दाची आहे. 'व्हेनिसचा विजय', 'व्हेनिसचं राज्य' हे शब्द आपण सरसकट वापरतो. सानुदो व्हेनिसचा होता, हे खरं. पण त्याचं राज्य व्हेनिसचं होतं का?

इथे दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

पहिलं, १२१२ चं क्रीट. क्रीट व्हेनिसने १२०४ मध्ये मोंफेराच्या बोनिफास या क्रुसेडच्या नेत्याकडून विकत घेतलं होतं. रोख किंमत होती १००० चांदीचे मार्क. ताबा घेईपर्यंत जिनोवाचा एनरिको पेस्कातोरे तिथे घुसला, त्याला हुसकावण्यात काही वर्षं गेली, आणि १२११ मध्ये व्हेनिसने आपले पहिले वसाहतवाले धाडले. लगेच ग्रीक सरदारांनी बंड केलं. क्रीटचा ड्यूक याकोपो त्येपोलो याने मदतीला सानुदोला बोलावलं. सानुदो आला, बंड शमलं, पण मोबदल्यावरून वाजलं. मग सानुदोनेच काही ग्रीक सरदारांशी हातमिळवणी करून कँडिया, म्हणजे आजचं हेराक्लिओन, ताब्यात घेतलं. बखरी म्हणतात की त्येपोलोला बाईचा वेश घेऊन निसटावं लागलं. शेवटी तह झाला आणि सानुदो आपली भरपाई घेऊन परत गेला. व्हेनिसच्या नागरिकाने व्हेनिसच्याच अधिकाऱ्याला शहरातून पळवून लावलं. याला 'व्हेनिसचं राज्य' म्हणायचं?

दुसरं, अँड्रोसचा दावा. अँड्रोसचा धनी मारिनो दांदोलो याला गिझींनी १२३९ च्या सुमारास बेटावरून हाकललं. तो मेल्यावर त्याची विधवा फेलिसा व्हेनिसमध्ये न्याय मागायला उभी राहिली, आणि १२४३ मध्ये व्हेनिसने गिझींच्या विरुद्ध निकाल दिला. पुढे बेट सानुदोंकडे गेलं. फेलिसाचा दुसऱ्या लग्नाचा मुलगा निकोलो क्वेरीनी याने हक्क सांगितला, आणि १२८२ मध्ये व्हेनिसने मार्को दुसरा सानुदो याला हजर राहायला फर्मावलं. त्याचं उत्तर मासलेवाईक आहे. थोडक्यात म्हणाला, माझा धनी अखायाचा राजपुत्र, खटला चालवायचा तर त्याच्या दरबारात चालवा, तुमच्या कोर्टाचा इथे संबंध काय?

आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं निराधार नव्हतं. सानुदोंनी आपली सरंजामी निष्ठा वाहिली होती कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन सम्राटाला, आणि तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती अखायाच्या राजपुत्राकडे वळली होती. शिवाय वाटणीच्या करारात तिनोससारखं बेट व्हेनिसच्या हिश्श्यात नव्हतंच, ते सम्राटाच्या हिश्श्यात होतं. गिझींनी तरी ते घेतलं.

म्हणजे एकाच समुद्रात दोन निराळ्या गोष्टी चालू होत्या. क्रीटमध्ये राज्ययंत्रणा: व्हेनिसहून नेमलेला ड्यूक, ठरावीक मुदत, मोजून दिलेल्या जहागिऱ्या, व्हेनिसच्या सहा पेठांच्या नावांनी आखलेले विभाग. आणि सिक्लाडीसमध्ये घराणी: कधी व्हेनिसची लेकरं, कधी सरळ उलटून बोलणारी. मिलरला हा फरक माहीत नव्हता असं नाही. पण त्याच्या कथनाच्या ओघात तो विरघळतो, आणि आपण वाचक 'व्हेनिसचं साम्राज्य' असा एकच शिक्का घेऊन बाहेर पडतो.

गाढवाचं युद्ध

मिलरमधला सर्वांत लोकप्रिय किस्सा कुठला, विचारलंत तर गाढवाचा. १२८० च्या दशकातला. तिनोसच्या गिझींचं एक उत्तम जातीचं गाढव चाच्यांनी पळवलं. त्यावर मालकाच्या नावाची अक्षरं डागलेली होती. तरी सिरोस बेटावर सानुदोच्या मुलाने ते विकत घेतलं. गिझींनी सिरोसला वेढा घातला, नेपल्सच्या राजाचं आरमार मध्ये पडलं, आणि शेवटी नेग्रोपोन्तेच्या व्हेनिशियन अधिकाऱ्याने निवाडा करून गाढव मूळ मालकाला परत दिलं.

हा किस्सा मारिनो सानुदो तोर्सेल्लोनेच नोंदवला आहे, तेव्हा मिलरने तो सांगावा यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप सुरावर आहे. मिलर तो संगीत नाटकातल्या प्रवेशासारखा रंगवतो. आपण हसतो आणि पान उलटतो. पण जरा थांबून विचारा: चाच्यांनी लुटलेला माल शेजारच्या बेटाच्या धन्याला उघडपणे विकता येतो, याचा अर्थ काय? चाचेगिरी आणि राज्यकारभार यांच्यातली रेघ किती पुसट होती! वेढ्याच्या दिवसांत सिरोसच्या शेतांचं काय झालं? गाढवाच्या जागी माणूस पळवला गेला असता तर त्याला सोडवायला कोणी आरमार आणलं असतं का? त्या काळी एजियनमध्ये माणसंही पळवली जात होती, विकली जात होती. त्यांच्यासाठी युद्ध झाल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

मिलरच्या पुस्तकात बेटं आहेत, बेटांचे धनी आहेत, बेटांवरची माणसं नाहीत. ग्रीक शेतकरी आलाच तर 'प्रजा' म्हणून, समूहाने. आणि खरं सांगायचं तर लोएनेर्त्सनेही हे बदललं नाही. त्याने वंशावळ शुद्ध केली, पण ती राहिली वंशावळच.

मग माणसं कुठे सापडतात?

इथे क्रीट आपल्याला हात देतं. १६६९ मध्ये एकवीस वर्षांच्या वेढ्यानंतर कँडिया ऑटोमनांच्या हाती गेलं, तेव्हा व्हेनिसच्या लोकांनी जाताना दप्तरही बरोबर नेलं. ते आज व्हेनिसच्या सरकारी अभिलेखागारात आहे. त्यात कँडियाच्या नोटरींच्या वह्या आहेत. सगळ्यांत जुनी टिकलेली वही पिएत्रो स्कार्दोन या नोटरीची, १२७१ ची. कर्ज, भागीदारी, घरभाडं, हुंडा, मृत्युपत्रं. बखरीत ज्यांना जागा नाही अशी माणसं इथे नावानिशी भेटतात.

सॅली मॅकी यांनी या मृत्युपत्रांचे तीन खंड १९९८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि २००० मध्ये 'अनकॉमन डोमिनियन' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की 'लॅटिन' आणि 'ग्रीक' ही विभागणी कायद्यात जितकी कडक होती तितकी घरात नव्हती. लॅटिन घरांत ग्रीक बायका, ग्रीक बोलणारी मुलं, दोन्ही पंथांच्या चर्चांना ठेवलेल्या देणग्या. पण म्हणून सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असा निष्कर्ष काढू नका, कारण त्याच शिक्क्यावर माणसाचं नशीब ठरत होतं. क्रीटमधला जमिनीला बांधलेला कूळ, ज्याला कागदांत 'विल्लानो' म्हणतात, तो ग्रीकच असायचा. बाप लॅटिन असल्याचं सिद्ध झालं तर मूल स्वतंत्र. म्हणजे कोर्टात 'माझा बाप कोण' हा प्रश्न वंशाच्या अभिमानाचा नव्हता. मी उद्या कोणाच्या मालकीचा असणार, हे त्यावर ठरत होतं.

आता हेच वंशावळीशी ताडून पाहा. क्वेरीनींनी आपला बाप-आजा दोनशे वर्षं मागे नेला तर त्यांच्या प्रतिष्ठेत भर पडते. क्रीटच्या शेतात राबणाऱ्या कुळाला मात्र एका पिढीचा बाप सिद्ध करायला साक्षीदार जमवावे लागतात. दोघेही वंशाबद्दलच बोलताहेत. इतिहासाच्या तक्त्यात जागा मिळाली ती पहिल्याला.

मॅकींच्या कामाचीही मर्यादा आहेच. नोटरीकडे जाणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडे लिहून ठेवण्यासारखं काहीतरी आहे तो. शिवाय वह्या कँडिया शहराच्या, खेडी त्यातून लांबच राहतात. म्हणून आणखी एक साधन महत्त्वाचं ठरतं: खेड्यांतल्या छोट्या चर्चांच्या भिंतींवरचे लेख. चर्च कोणी रंगवलं, कोणत्या साली, कोणाच्या राज्यात. क्रीटमधल्या काही लेखांत, व्हेनिसचा अंमल असतानाही, राज्य म्हणून नाव येतं बायझंटाईन सम्राटाचं. आणि कावालारियाना गावातल्या १३२७-२८ च्या लेखात उलट व्हेनिसवाल्यांचा उल्लेख आपले थोर धनी असा आहे. एकाच बेटावर, त्याच ग्रीक भाषेत, दोन गावांनी आपला राजा वेगवेगळा सांगितला. कोणी मनापासून लिहिलं, कोणी धोरण म्हणून, हे भिंत सांगत नाही. पण गावकऱ्यांनी यावर विचार केला होता, एवढं तरी ती नक्की सांगते.

१३६३ चं बंड तर मिलरच्या चौकटीत बसवायलाच कठीण. बंदराच्या दुरुस्तीसाठी व्हेनिसने नवा कर लादला, आणि उठले कोण? क्रीटमधले व्हेनिशियन जहागीरदार, ग्रीकांना सोबत घेऊन. सेंट मार्कचं निशाण उतरवून त्यांनी बेटाचा संत तीतोस याचं निशाण चढवलं. दीडशे वर्षांपूर्वी वसाहत करायला पाठवलेल्यांच्याच वंशजांनी 'आम्ही इथले' असं म्हटलं. व्हेनिसने हे बंड १३६४ मध्ये मोडून काढलं, आणि विजयाचा उत्सव इतका मोठा केला की त्या वेळी तिथे असलेल्या कवी पेत्रार्काने त्यावर पत्र लिहिलं.

फरक काय पडतो?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, १२०७ च्या ऐवजी १४१३. आठशे वर्षांपूर्वीच्या बेटांचा सातबारा दुरुस्त करून कोणाचं भलं होणार?

फरक पडतो, कारण या काळाबद्दल बोलण्याचे दोन तयार साचे आहेत. एकात शूर दर्यावर्दी सरदार, किल्ले, प्रेमकथा. दुसऱ्यात परकीय जोखडाखाली भरडलेलं अखंड ग्रीक राष्ट्र. दोन्ही साचे एकमेकांवर चिडलेले असतात, पण दोघांनाही तीच यादी हवी असते. एकाला वीरांची म्हणून, दुसऱ्याला लुटारूंची म्हणून. १२०७ मध्ये सगळं एका फटक्यात झालं, असं मानलं की लग्नं, खटले, सौदे, स्थलांतरं, ग्रीक घराण्यांचा स्वतःचा हिशेब, हे सारं बाद होतं. उरतात फक्त जिंकणारे आणि जिंकलेले. किथिराच्या एव्हदेमोनोयानिस घराण्याने मुलगी दिली ती काय विचार करून दिली असेल, हा प्रश्न विचारायलाही जागा राहत नाही.

म्हणून मिलर वाचा, जरूर वाचा. त्याने या विषयाला वाचक मिळवून दिले, हे ऋण मोठं आहे. फक्त प्रत्येक सालाशेजारी पेन्सिलने लिहा: हे पहिल्यांदा कोणी नोंदवलं, किती वर्षांनी, आणि त्यात त्याचा काय फायदा होता. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला काही नव्याने शिकवायला नको.

जाता जाता तिनोसचं सांगते. १३९० मध्ये गिझींचा शेवटचा धनी वारला आणि तिनोस व मिकोनोस व्हेनिसकडे आली. व्हेनिस ती दुसऱ्या कोणा सरदाराला देऊन टाकेल अशी धास्ती पडल्यावर बेटावरच्या लोकांनी अर्ज केला, की आम्हाला कोणाच्या पदरी घालू नका, तुम्हीच थेट राज्य करा. अर्जात व्हेनिसच्या न्यायाची भरपूर स्तुती आहे. ही स्तुती 'प्रजा सुखी होती' याचा पुरावा म्हणून उद्धृत केली जाते. पण अर्जाची भाषा ही अर्जाची भाषा असते. मला त्यात दिसतं ते एवढंच: दीडशेहून जास्त वर्षं घराण्यांची सत्ता अनुभवलेल्या लोकांनी दोन धन्यांपैकी लांबचा धनी निवडला. तिनोस पुढे १७१५ पर्यंत व्हेनिसकडे राहिलं. का निवडला असेल, याचं उत्तर कुठल्याही वंशावळीत नाही. ते शोधायचं तर तिनोसच्या वेशीवरून आत, गावात जावं लागेल.